टिचकी आधी, शब्द मागून

बोरिवली (पूर्व)
९ जानेवारी १९८४

प्रिय लवू,

काल वाकोल्याहून परतल्यावरच हे लिहिणार होतो, पण तुमच्या मंडळाच्या खोलीतल्या बाकावर बसून पाठ धरली. म्हणून आज हापिसातून येऊन लिहितो. वर्गातही बोलता आलं असतं, पण तुझ्या माणसांपुढे तुला बोलणं बरं दिसेना. कितीही झालं तरी वर्ग तू जमवलास. गणपती मंडळाकडून खोली तू मागून घेतलीस, फळा तू आणलास, गिरण्यांच्या संपापासून घरी बसलेली माणसं तूच दारोदार जाऊन उठवलीस. मी फक्त शिकवतो.

तू म्हणालास, "मार्तंडा, लोकांना पाच वाक्यं पाठ करून दे, नोकरीच्या दारात म्हणण्यापुरती." नाही देणार. पाठ केलेलं वाक्य उसन्या कोटासारखं असतं, काखेत काचतं आणि समोरच्याला दिसतं. मी मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलो हे सगळ्या गावाला माहीत आहे. पुढे रद्दीवाल्याकडून शब्दकोश घेतला, त्याची पहिली पानं फाटलेली होती. म्हणजे 'अ' हा इंग्रजीतला एका अक्षराचा शब्दच माझ्याकडे नव्हता. बाकीचं इंग्रजी मी पुस्तकातून शिकलो. 'अ' मात्र औषधाच्या बाटल्या, दुकानांच्या पाट्या, कंपनीची पत्रं असा फिरून फिरून गोळा केला. म्हणून सांगतो, सुरुवात तिथूनच करायची. इंग्रजी माणूस मोजता येण्यासारखी वस्तू उघडीबोडकी दारात उभी करत नाही. आपल्या गोष्टीतला राजा पहिल्यांदा येतो तेव्हा तो 'एक राजा' असतो ना, तसं.

वस्तूचं नाव घेण्याआधी मी बोटाने टिचकी मारायला लावतो, त्याला तुझी माणसं हसतात ते मला दिसतं. हसू देत. गोदामात खोकी मोजताना मी प्रत्येक खोक्यावर बोट टेकतो, मग आकडा लिहितो. आजवर एक खोकं कमी-जास्त झालेलं नाही. तेच इथे. आधी बोट, मग 'अ', मग वस्तू. पाण्याला, तांदळाला टिचकी नाही, पेल्याला आहे.

आता वर्गातल्या त्या पोराचा, बाळाचा, प्रश्न. काल सगळे खिदळले म्हणून तो राहून गेला. 'स्लीप' म्हणजे झोप, तर 'अस्लीप' म्हणजे जागा, कारण आपल्याकडे अशक्य, अज्ञान, असत्य. आणि म्हणे 'अलाइव्ह' म्हणजे मेलेला! प्रश्न हसण्यासारखा नाही. शब्दाला चिकटणारे 'अ' दोन आहेत. एक आपल्या 'अ'सारखाच नकार देतो, तो 'अमॉरल'मध्ये सापडतो. दुसरा 'वर' किंवा 'मध्ये' अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दाचा झिजून उरलेला तुकडा आहे. अस्लीप म्हणजे झोपेत, अशोअर म्हणजे किनाऱ्यावर. दोघे एकाच वेशात हिंडतात. कोण कुठला, ते ज्याच्या त्याच्या घरी जाऊन विचारावं लागतं. बाळाला हे नीट सांग, आणि पुढच्या रविवारी त्याला पुढे बसव.

थकलो रे. पण येईन.

तुझा
मार्तंड


वाकोला
१७ जानेवारी १९८४

मार्तंडा,

तुझं पत्र बाळाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, "सरांना सांग, आमची गिरणी अस्लीप आहे, पण कुठल्या अ-वाली ते कळत नाही." रागावू नको, पोरगा खुशीत होता. मग म्हणाला, परवापासून मी येणार नाय, साकीनाक्याला एका शेडमध्ये लागलो. झालं. पुढे बसवायला आता बाळाच नाही.

खरं सांगू? तू येतोस बोरिवलीहून, रविवार मोडतोस, सगळ्यांना कदर आहे. पण यार, एक महिना झाला आणि आपण अजून 'अ'वरच. घरी बायका विचारतात, काय शिकलात. हे सांगतात, अ. त्या म्हणतात, आमचा बाबू बालवाडीत तेच शिकतो.

पण माझं म्हणशील तर मी टिचकी सोडलेली नाय हां. चहा पिताना, दाढी करताना, अ कप, अ मिरर. शेवंती परवा म्हणाली, "बोट आवरा, भाकरी थापते मी, तुम्ही ताल कसला धरताय?" बोटाला सवय लागली ना की लागते. गिरणीत साच्यावर कापड विणताना तार तुटली की डोळ्याआधी बोट जायचं, तसंच हे.

आता कामाचं. बाळाच्या शेडमध्ये ड्रिल मशीनवर माणूस हवाय. हाताचं काम आहे, बारीक भोकं पाडायची, इकडे-तिकडे झालं की माल वाया. मालक चंद्रप्रकाश शेठ. बाळा त्याच्याकडे माझं नाव टाकून आलाय. माझ्या हाताबद्दल मला भीती नाय. वीस वर्षं साचे चालवले, आमचा मुकादम, जॉबर, नव्या पोरांना माझे हात बघायला पाठवायचा. भीती बोलायची आहे. बाळा सांगतो, शेठच्या टेबलावर इंग्रजी पेपर असतो.

तर पाच वाक्यं दे रे. बाकीच्यांना नको, मला एकट्याला दे. तू माझ्या मावशीचा मुलगा आहेस की सरकारी शाळेचा इन्स्पेक्टर?

लवू


बोरिवली
२५ जानेवारी १९८४

प्रिय लवू,

नात्याचा उल्लेख करून वाक्यं मागू नयेत. तू मागतो आहेस त्यापेक्षा मी जास्त देतो आहे.

ड्रिल मशीनची बातमी वाचून बरं वाटलं. दोन वर्षांत तुझ्या पत्रात पहिल्यांदा 'भीती नाय' हे शब्द आले. पण ज्याची भीती आहे त्याच्यापासून पळू नकोस. शेठपुढे बसलास की घाई करायची नाही. प्रत्येक वस्तूआधी थांबायचं. टिचकी, मग शब्द. टेबलावर नको, मांडीवर हळूच. लोकांना वाटतं भराभर बोलणारा हुशार. तसं नाही. जपून टाकलेलं पाऊल ओळखू येतं, आणि मोठ्या माणसाला ते आवडतं. तो कुठल्याही भाषेत विचारो, तू इंग्रजीतच उत्तर दे. एकदा का तू हिंदीत घसरलास की तो तुला घसरलेलाच धरून चालेल. मी स्वतः तसाच वर आलो. कंपनीच्या परीक्षेत साहेबाने मराठीत विचारलं होतं, मी इंग्रजीत सांगितलं. त्याचे डोळे विस्फारले ते मी आजही विसरलेलो नाही.

आणि 'अ'चा एक उपयोग राहिला होता, तो तुझ्या कामाचा आहे. ज्याला आपण ओळखत नाही अशा माणसाच्या नावाआधीही तो लागतो. अ मिस्टर सावंत. म्हणजे सावंत म्हणून कुणीतरी आलाय बाहेर. तू शेठच्या दारात जाशील तेव्हा तू तसला सावंत असशील. बाहेर पडशील तेव्हा तो 'अ' गळून पडलेला असायला हवा. एवढं केलंस तर माझे रविवार फुकट गेले नाहीत.

काय झालं ते ताबडतोब कळव. शेवंतीला सांग, ताल चालू राहू दे.

मार्तंड


बोरिवली
२७ फेब्रुवारी १९८४

प्रिय लवू,

तुझं उत्तर नाही. पोस्टात गहाळ झालं असेल असं पहिले पंधरा दिवस धरून चाललो.

गेले चार रविवार तू वर्गात नाहीस. काल चार माणसं होती, त्यातला एक खोली थंड आहे म्हणून येतो. मी फळ्यावर लिहीत होतो आणि मागे पत्ते पिसल्याचा आवाज येत होता. मी वळलो नाही. वळायचा कंटाळा आला. तुझ्याबद्दल विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

मी समजतो, नोकरी लागली आणि मास्तराची गरज संपली. तसं असेल तर आनंदच आहे. पण एक कार्ड टाकायला माणसाला किती वेळ लागतो? आमच्या हापिसात मला हल्ली असाच अनुभव आहे. पंचवीस वर्षं काढल्यावर नव्या साहेबाने माझी पत्रं टाइप होण्याआधी आपल्याकडे मागवायला सुरुवात केली. म्हणे, "राणे, फार वेळ लागतो तुम्हाला." टायपिस्ट अनुपमा चांगल्या घरची मुलगी आहे, तीही परवा विचारते, "काका, फोनवर बोलताना तुम्ही टेबल का वाजवता?" मी म्हटलं, तुला नाही कळणार.

पुढच्या रविवारी मी येतो. खोली उघडी असली तर शिकवीन.

मार्तंड


वाकोला
५ मार्च १९८४

मार्तंडभावोजींना शेवंतीचा नमस्कार.

मी कधी कुणाला पत्र लिहीत नाही. चौथीपर्यंत शिकले तेवढ्यावर लिहिते आहे, चुका पोटात घाला. ह्यांना सांगू नका.

त्या साकीनाक्याच्या शेठने ह्यांना परत पाठवलं, त्याला महिना होऊन गेला. घरी आले, घेतलं नाही एवढंच सांगितलं. मी म्हटलं नशीब, दुसरं बघू. आता बाळाकडून सगळ्या चाळीत झालंय की लवूचे हात कापतात म्हणून शेठने घेतलं नाही. बाळा वाईट बुद्धीने बोलला नाही, त्याला फोरमनने सांगितलं ते त्याने सांगितलं. पण लोक काय म्हणणार? हात कापतात म्हणजे परत सुरू झाली. भावोजी, ती सोडवताना मी काय काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. आमची सुलक्षणा जन्मली त्या दिवशी ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. ती आता सातवीत आहे. तिला नळावर पोरी विचारतात, तुझे बाबा घेतात ना गं परत?

हे सकाळी जातात ते अंधारून आल्यावर येतात. कुठे असतात सांगत नाहीत. मी तोंडाचा वास बघते, वास नाही. पण बोट हलतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, गप्प बसलेले असतात आणि मांडीवर बोट हलत असतं.

तुमचं ते ऐकतात. तुम्ही विचारा.

शेवंती


बोरिवली
९ मार्च १९८४

लवू,

तुझ्या गप्प बसण्याचं कारण मला कळलं. कुणाकडून ते विचारू नकोस.

तुला घेतलं नाही यात शेठची काही चूक नाही. हात कापणारा माणूस कुणी यंत्रापाशी उभा करत नाही, मीही केला नसता. मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सुलक्षणाच्या डोक्यावर ठेवलेला हात तो हाच ना? संप सगळ्यांचा झाला, गिरण्या सगळ्यांच्या गेल्या. सगळेच काही बाटलीकडे वळले नाहीत. मी तुला घासून पुसून त्या दारापर्यंत आणलं, आणि तू मला महिनाभर 'पत्र गहाळ झालं असेल' असं समजू दिलंस.

मी येत्या रविवारी येणार नाही. त्या चार माणसांना तसं सांग. तू सोडलीस असं मला शेवंतीच्या तोंडून कळेल त्या दिवशी वर्ग पुन्हा सुरू करू.

मार्तंड


वाकोला
१६ मार्च १९८४

मार्तंडा,

माझ्या तोंडाक दारू लागूक नाय, तेका बारा वर्सां झाली. हे तुका सांगूची पाळी इली म्हणान माका लाज वाटता. तू आणि शेवंती दोघांनी मिळून माझा वास घेतला, बरं केलंत. शेवंतीला मी काही बोललो नाय, बोलणार नाय. तुला बोलणार.

ऐक आता, पत्र्याच्या शेडवर लाकडी केबिन, त्यात शेठ आणि त्याचा फोरमन. शेठ पेपर वाचत होता, इंग्रजी नाय, गुजराती. साधा माणूस. म्हणाला, "बैठो. पहले कहाँ काम किया?" हिंदीत विचारलं त्याने. माझ्या ओठावर आलेलं, शेठ, साचा खात्यात वीस साल. पण खिशात तुझं पत्र होतं ना. कुठल्याही भाषेत विचारो. मी म्हटलं, "आय वॉज," टिचकी, "अ वीव्हर, इन," टिचकी, "अ मिल." शेठ म्हणाला, "अरे हिंदी में बोल ना भाई." मला वाटलं परीक्षा घेतोय. मी पुढे. "आय कॅन रन," टिचकी, आणि लूम शब्द आठवेना. शब्द येईना रे, बोट मात्र थांबेना. मांडीवर ठेवलेलं ते कधी टेबलावर आलं मला कळलं नाय. फोरमन वाकून शेठच्या कानाला लागला.

शेठ म्हणाला, "हाथ आगे कर." मी दोन्ही हात पुढे केले. दगडासारखे. त्याला बरं वाटलं. म्हणाला, "अब बोल कुछ." मी बोललो. "आय हॅव," आणि बोट उडालं. "अ वाइफ." उडालं. "अ डॉटर." पुन्हा उडालं. शेठचं तोंड पडलं. म्हणाला, "बोलता है तो काँपता है. ड्रिल पर उँगली चली जाएगी इसकी. नहीं भाई, पाप लगेगा."

हात कापत नव्हते, मेल्या. तुझो 'अ' होतो तो.

तू विचारशील, तिथेच का नाय सांगितलंस? काय सांगू? की शेठ, पंचेचाळिसाव्या वर्षी मी शिकवणी लावलीय आणि सर म्हणतात टिचकी मार? फोरमन हसला असता. माझ्यावर हसला असता तर चाललं असतं. तुझ्यावर हसला असता ते मला नको होतं. आता लिहिताना कळतं, केवढा मूर्ख.

दिवसभर कुठे असतो ते पण सांगतो. विमानतळाच्या भिंतीशी बसतो, विमानं मोजतो. मोजताना बोट हलतं. मराठीत बोलताना पण हलतं. वीस वर्षं ज्या हातांवर जगलो ते तू दोन महिन्यांत बिघडवलेस आणि वर मला विचारतोस, हात तो हाच ना.

वर्गाची चावी मंडळात देऊन टाकली. तुझा खडूचा डबा बाळाकडे आहे.

लवू


बोरिवली
४ एप्रिल १९८४

प्रिय लवू,

या पत्राच्या आधी चार फाडली. त्यातलं प्रत्येक तुझ्या पत्रातल्या एखाद्या वाक्याला उत्तर देत होतं. उत्तर नाहीच, हे मान्य करायला इतके दिवस गेले.

काल अर्ध्या दिवसाची रजा काढून साकीनाक्याला गेलो होतो. तुला न विचारता गेलो. विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास.

शेड शोधायला त्रास पडला. त्या गल्लीत सगळ्या शेडी सारख्याच, आणि आतल्या आवाजात कुणाला विचारलेलं ऐकू जात नाही. चंद्रप्रकाश शेठने मला बसवलं, पाणी दिलं. मी नेहमीसारखा इंग्रजीतून सुरू झालो. मी कोण, कुठल्या कंपनीत, तुझा नातेवाईक आणि शिक्षक, आणि एका गैरसमजाबद्दल बोलायला आलोय. माझं पहिलं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. शेठ माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, त्याच्या टेबलाच्या काचेकडे बघत होता. मग हळूच फोरमनला म्हणाला, "इनको भी है."

मी खाली पाहिलं. काचेवर माझं बोट चाललं होतं.

लवू, मी ते थांबवायचा प्रयत्न केला. खरंच केला. 'मिसअंडरस्टँडिंग'च्या आधी ते पुन्हा उठलं. शेठ फार सभ्य माणूस आहे. त्याने विचारलं, "आप के खानदान में है क्या?" तेव्हा मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, शाळेत बसवतात तसा, आणि हिंदीत बोललो. माझं हिंदी तुला माहीत आहे. बस कंडक्टरही त्याला हसतो. मी म्हटलं, "शेठ, यह बीमारी नहीं, यह मैंने सिखाया. वो अच्छा आदमी है, मेरा सुनता है. दारू नहीं पीता. उसका हाथ एकदम बरोबर है. गलती मेरा है." एवढं बोलायला मला घाम फुटला. फोरमनला हसू आवरेना. शेठ मात्र हसला नाही. म्हणाला, "मास्टरजी, ड्रिल को इंग्लिस नहीं आता."

जागा भरलेली आहे, हे सरळच सांगतो. पण तो म्हणाला, सोमवारी पाठवा, फोरमन मशीनवर उभा करून बघेल. बोलायची गरज नाही. जावंसं वाटलं तर जा. न गेलास तरी मी काही म्हणणार नाही.

तुझ्या हाताबद्दल ९ मार्चला जे लिहिलं ते परत घेतो. शेवंतीला वेगळं पत्र टाकलं आहे, काय झालं ते सगळं त्यात आहे. बाळालाही दाखव म्हणावं.

तू एवढं लिहिलंस की फोरमन माझ्यावर हसला असता ते तुला नको होतं. काल तो हसला. विशेष काही वाटलं नाही. फक्त दमल्यासारखं झालं.

मार्तंड


वाकोला
२९ एप्रिल १९८४

मार्तंडा,

त्या सोमवारी गेलो. सांगतोच, पण आधी शेवंतीचं सांगतो.

तुझं पत्र तिला मिळालं त्या संध्याकाळी तिने ते दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी नळाची वेळ, सगळ्या बायका गॅलरीत, आणि ही सुई-दोरा घेऊन माझ्याकडे आली. मोठ्याने म्हणते, "ओवून द्या जरा, माझी नजर चालत नाही." तिची नजर घारीसारखी आहे. मी उभ्या उभ्या ओवला. म्हणते, "अजून एक." ओवला. मग माणिकवहिनी घरातून आपली सुई घेऊन आली, मग तिसऱ्या खोलीतल्या विमलाबाई. मी दोरा ओवतोय आणि लाइन लागलीय. सुलक्षणा शेजारी उभी राहून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. ओवलेली सुई घेऊन एकेक जण आपल्या खोलीत गेली. बोलायचं उरलंच नव्हतं. मी पण बोललो नाय, बोललो असतो तर बोट हललं असतं!

शेठकडे फोरमनने पत्र्याचा तुकडा दिला, भोकांच्या खुणा केलेला. मी पाडली. त्याने उजेडाकडे धरून बघितला आणि खिशात टाकला. म्हणाला, "ठीक है. बदली में आ जा."

बदली. कळलं ना? अठराव्या वर्षी गिरणीच्या गेटवर बदलीतच उभा राहिलो होतो, कुणी गैरहजर राहिला तर आत घ्यायचे. तिथून कायम व्हायला सात वर्षं गेली. आता परत सकाळी शेडच्या दारात. कधी आत घेतात, कधी परत पाठवतात. फोरमनला माझं नाव ठाऊक नाय. आतून ओरडतो, "एक आदमी भेजो." तो एक आदमी म्हणजे मी. तुझा 'अ' म्हणजे काय ते आत्ता समजलं बघ. फळ्यावर समजत नव्हतं.

रडत नाय हां, सांगतोय. गेल्या तीन आठवड्यांत अर्धे दिवस काम मिळालं. हात खूश आहेत.

चावी मंडळातून परत आणलीय. ते चार जण विचारत होते. पत्तेवाला पण. तू येशील तर ये. टिचकी नको. आणि यावेळी मी मागतो ते दे, इन्स्पेक्टरसाहेब.

लवू


बोरिवली
३ मे १९८४

प्रिय लवू,

रविवारी येतो. खडूचा डबा बाळाकडून मागून ठेव.

वाक्यं पाठवतो. तुझ्यासाठी आणि त्या चौघांसाठी, पत्तेवाल्यासकट. पाठ करा. उसना कोट काचतो खरा, पण थंडीत कुणी ते बघत बसत नाही, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. कदाचित तूच सांगत होतास.

माय नेम इज लवू सावंत. तुझ्या नावाआधी काही लावू नकोस, कुणी लावलं तर लावू दे. आय वर्क्ड इन अ मिल. यात तो आहे, पण जाता जाता म्हण, त्याच्यासाठी थांबू नकोस, गाडी थांबत नाही अशा स्टेशनासारखा जाऊ दे त्याला. आय कॅन लर्न एनी मशीन. आय कम ऑन टाइम.

पाचवं साकीनाक्याहून परतताना बसमध्ये सुचलं होतं, तेव्हा पाठवायचा धीर झाला नाही. आय हॅव गुड हँड्स. माझे हात चांगले आहेत. हे तुला कुणी विचारणार नाही. न विचारता सांग.

हिंदीत विचारलं तर हिंदीत सांग.

मार्तंड